ऑर्डलाफचा मुलगा

भाट गातो तेव्हा मी दाराशी उभी असते,
काखेत ईल माशांची टोपली.
आत ओंडक्यांचा धूर, ओल्या कुत्र्यांचा वास,
मधाच्या दारूचं शिंग हातोहात फिरतंय
आणि माझा हुना पुन्हा एकदा मरतोय:
उताराच्या पाण्यात, ढाल फुटलेली, गुडघा फुटलेला,
मागं मात्र सरत नाही.

हुना म्हणत नाहीत ते. हुनवुल्फ म्हणतात.
ऑर्डलाफचा हुनवुल्फ.
आणि ऑर्डलाफ कुणाचा? तर विग्मुंडचा,
जो म्हणे दर्यापलीकडून आला
सात तलवारी घेऊन.
मी मोजते. सात.
गेल्या हिवाळ्यात पाच होत्या.

त्याच्या बापाचं नाव डुड्डा.
खाडीच्या काठी मीठ उकळायचा.
मडकी स्वतः थापायचा, मातीत गवत कालवून,
एखादं तडकलं
तर दिवसभर बोलायचा नाही.
भुवया कायम जळलेल्या.
डुड्डाचा बाप कोण, ते डुड्डालाही ठाऊक नव्हतं.
"असेल कुणीतरी," म्हणायचा, "ज्याअर्थी मी आहे."

सतराव्या वर्षी हुना उठला, म्हणाला,
चेओलमुंडच्या दालनात जातो.
त्या दारात आधी विचारतात, कुणाचा?
मग विचारतात, कोण?
उत्तर आखूड पडलं तर भाल्याची दांडी आडवी येते.
"आई, सांगण्याजोगं एक नाव दे."

आता कशाला खोटं बोलू, मीच दिलं.
ऑर्डलाफ.
मेंढ्यांच्या बाजारात कुणीतरी कुणालातरी
लांबून हाक मारली होती तशी.
माणसाला की बैलाला, मी वळून पाहिलं नव्हतं.

डुड्डा तिथंच होता. सगळं ऐकत होता.
चुलीत एक लाकूड पुढं सारलं,
मग उठून फडक्यात मूठभर मीठ बांधलं,
पोराच्या हातात दिलं.
"वाटेत लागेल."

तीन वर्षं. हातात सोन्याचं कडं, असं ऐकलं.
मेजावरची जागा दारापासून सरकत सरकत
सरदाराच्या कोपरापाशी गेली, असंही ऐकलं.
मग ती सकाळ, धुक्यातून आलेली परकी माणसं,
आणि ज्यांच्या वंशावळी हातभर लांब होत्या
ते रानाकडे पळाले.
हा कसा पळणार?
उसनं नाव घेतलेल्या माणसाला
ते परत करताना डाग दिसून चालत नाही.

त्याला नावेत निजवलं, शस्त्रांसकट,
वर माती लोटली, टेकडी उभी राहिली.
समुद्रावरून दिसते म्हणतात.
नाव पुरली.
नाव उरलं.
कुणाचं, ते मला विचारू नका.

डुड्डा त्यानंतर दोन हिवाळे होता.
वाळूत पुरला, भरतीच्या रेघेच्या जरा वर.
त्या दिवशी मडकी विस्तवावर होती,
पाणी आटत आलेलं,
म्हणून मला लगेच परतावं लागलं.

गाण्यात हुनवुल्फला आई नाही.
बरंच आहे. असती तर तिला
सोनेरी केस लागले असते,
आणि रडावं लागलं असतं सगळ्यांसमोर, मापात.

काल भाट बाहेर आला, टोपलीत हात घातला,
एक मासा तोडला, बोटं चाटली.
"मीठ चांगलं मुरलंय, म्हातारे. कुणाच्या हातचं?"
ही मडकी आता मीच थापते, उकळतेही मीच.
तरी तोंडातून निघालं: "डुड्डाच्या."
"डुड्डा!" तो हसला, वाईट नव्हता हसण्यात,
ओठांवर दोनदा घोळवून पाहिलं.
"हे नाव काही गाण्यात बसायचं नाही."

नाही बसायचं, म्हटलं, ते खरं.
तो विस्तवाशी बसायचा.